चित्र टांगणाऱ्याची जागा

माझा भाचा देवरुखला चित्रकला शिकतो. गणपतीत घरी आला होता. दुपारी मोदकांच्या सुस्तीत आम्ही आडवे झालो होतो, तेव्हा त्याने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. न्यूयॉर्कच्या एका आधुनिक कलेच्या संग्रहालयात कोणकोणत्या जागा भरायच्या आहेत, त्याची यादी होती. क्युरेटर, रजिस्ट्रार, कन्झर्व्हेटर, प्रेपरेटर, आर्ट हँडलर, एज्युकेटर, ग्रंथपाल, सुरक्षा अधिकारी, पुस्तकांच्या दुकानातला विक्रेता. देणग्या गोळा करणाऱ्या खात्यातच तीन जागा. प्रत्येक जागेपुढे काम काय, वजन किती उचलता यायला हवं आणि पगार कितीपासून कितीपर्यंत, सगळं स्पष्ट लिहिलेलं. पगाराचा आकडा जाहिरातीत द्यायलाच हवा, असा नियम न्यूयॉर्क शहरात २०२२ च्या नोव्हेंबरपासून लागू आहे, ही माहितीही भाच्याचीच. मग त्याने विचारलं, "मामा, यातले तुम्ही कोण?"

मला पटकन सांगता येईना.

गेली सव्वीस वर्षं मी मुंबईत चित्रं टांगतो. कला दालनांत, संग्रहालयांत, कधी श्रीमंतांच्या दिवाणखान्यात. व्हिजिटिंग कार्डावर 'आर्ट इन्स्टॉलेशन' असं छापलंय, पण ते कोणी वाचत नाही. गेटवरच्या वहीत 'कामाचे स्वरूप' हा रकाना असतो, तिथे वॉचमन माझ्या नावापुढे बहुतेक वेळा 'कारपेंटर' लिहितो. कधी 'लेबर'. एकदा 'पंखा फिटिंग' लिहिलं होतं. मी खोडलं नाही, कारण आत हुसेनसाहेबांचं आठ फुटी कॅनव्हास भिंतीला टेकून उभं होतं आणि ते पंख्याच्या वाऱ्यात उभं राहू नये, एवढीच मला घाई होती.

लोकांना वाटतं, टांगणं म्हणजे खिळा ठोकणं. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण अठ्ठावन्न इंचांवर यावा लागतो, म्हणजे उभ्या माणसाची नजर न वाकता तिथे पडते. फ्रेमची उंची वेगळी, मागच्या कड्या वेगळ्या अंतरावर, जुन्या इमारतीची फरशी एका बाजूला उतरती. पाणसळ सांगते की चित्र सरळ आहे, आणि डोळा सांगतो की वाकडं आहे, कारण शेजारच्या दाराची चौकट वाकडी आहे. अशा वेळी पाणसळीचं ऐकायचं की डोळ्याचं, हे ठरवायला दहा वर्षं जातात. दोन सुतांची चूक दालनाच्या दुसऱ्या टोकावरून दिसते. सुती हातमोजे घालून सोनेरी मुलाम्याची फ्रेम उचलली तर ती हातातून सटकते, म्हणून रबरी मोजे हवेत. दुसऱ्या गावाहून पेटी आली तर ती त्याच दिवशी उघडायची नाही, एक दिवस तशीच दालनात ठेवायची. बाहेरच्या दमट हवेतून एसीत आलेलं लाकूड आणि रंग सावकाश स्थिरावू द्यावे लागतात. उघडल्यावर बॅटरीचा झोत तिरका टाकून बघायचं, रंगाला भेग आहे का, कडेला पापुद्रा सुटलाय का. ते लिहून घ्यायचं, फोटो काढायचा, आणि मगच हात लावायचा.

हे मला कोणत्या कॉलेजात शिकायला मिळालं नाही. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचे चालवायचे. १९८२ चा संप झाला आणि साचे थांबले ते थांबलेच. मग चाळीच्या जिन्याखाली त्यांनी फोटो फ्रेमिंगचं दुकान टाकलं. गणपती, लग्नाचे फोटो आणि वारलेल्यांचे फोटो, एवढंच गिऱ्हाईक. पंचेचाळीस अंशात पट्टी कापायला मी तिथे शिकलो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा दिल्या, इंटरमिजिएटला बी ग्रेड आली, आणि बारावीनंतर शिक्षण संपलं. एका चित्रकाराने फ्रेम करून घेतल्या आणि म्हणाला, "जहांगीरला येऊन लावूनही दे." जहांगीर कला दालनात तेव्हा सोमवारी संध्याकाळी एक प्रदर्शन उतरायचं आणि रातोरात दुसरं चढायचं. त्या रात्रीचे मला सत्तर रुपये मिळाले.

वडिलांची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण माझं सगळं म्हणणं तिथूनच निघालं आहे. गिरणीत प्रत्येक हाताला नाव होतं. साचेवाला, जॉबर, फिटर, फोल्डिंग खात्यातला, रंगखात्यातला. ज्याला कायम काम नाही तो बदली कामगार, पण त्याचंही 'बदली' म्हणून नाव होतं, नोंद होती, आणि दारात उभं राहून आज हजेरी लागली की नाही ते त्याला कळायचं. संपात सगळं गेलं, तरी कोण साचेवाला होता आणि कोण बदली, हे वडील मरेपर्यंत सांगू शकायचे. मी सव्वीस वर्षांत असंख्य चित्रं भिंतीवर चढवली. माझी एकाही संग्रहालयात नोंद नाही.

यादीतली नावं वाचताना भाच्याला हसू येत होतं, त्यात त्याची चूक नाही. क्युरेटर म्हटलं की आपल्याला वानखेडेची खेळपट्टी आठवते. कन्झर्व्हेटर म्हणजे वनखात्यातले साहेब. आणि रजिस्ट्रार म्हणजे लग्न. सरकारी मराठीत क्युरेटरला 'अभिरक्षक' असा शब्द आहे, चांगला आहे, पण तो पाटीवरच राहिला. प्रेपरेटरला, म्हणजे कलाकृती लावणाऱ्या-उतरवणाऱ्याला, तर मराठी शब्दच नाही. ज्या कामाला आपल्या भाषेत नाव नाही त्याची जाहिरात निघणार कशी आणि कोणी पोरगा घरी सांगणार कसा की मला हे व्हायचंय?

यातला रजिस्ट्रार मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि आपल्याकडे तोच सगळ्यात कमी सापडतो. चित्र संग्रहालयात दाखल होतं तेव्हा त्याला एक क्रमांक मिळतो, बहुधा आधी साल आणि मग त्या सालातला अनुक्रम. तिथून पुढे ते चित्र कुठे आहे, कोणत्या रॅकवर, कोणाला उसनं दिलं, परत आलं तेव्हा कोपरा शाबूत होता का, हे सगळं रजिस्ट्रारच्या नोंदीत. विमावाले ज्याला 'नेल टु नेल' म्हणतात, म्हणजे मालकाच्या भिंतीवरच्या खिळ्यावरून निघाल्यापासून त्याच खिळ्यावर परत जाईपर्यंतची जोखीम, तिचा सगळा कागद त्याच्याकडे. क्युरेटर चित्र निवडतो, त्याच्यावर लिहितो, उद्घाटनाला बोलतो. रजिस्ट्रारला ते चित्र कुठे आहे हे ठाऊक असतं. आपल्याकडे हे काम कुठे ग्रंथपाल करतात, कुठे अकाउंट्सचा माणूस, कुठे एखादा जुना शिपाई, ज्याला सगळं तोंडपाठ आहे आणि जो पुढच्या वर्षी रिटायर होतोय.

आधुनिक कलेचं मुंबईतलं मोठं सरकारी घर म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, रिगल सिनेमाच्या चौकातलं, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या समोरचं. दिल्लीचं मूळ संग्रहालय २९ मार्च १९५४ रोजी जयपूर हाउसमध्ये उघडलं. पहिले अभिरक्षक हर्मन गोट्झ हे जर्मन कला इतिहासकार, त्याआधी बडोद्याच्या संग्रहालयाचा कारभार पाहिलेले. तेव्हाच्या सरकारला एवढं कळलं होतं की इमारत घ्यायची तर आधी माणूस नेमायचा. मुंबईची शाखा यायला १९९६ उजाडलं. केकू गांधी, पिलू पोचखानवाला यांच्यासारख्या माणसांनी त्यासाठी वर्षानुवर्षं सरकारदरबारी खेटे घातले. इमारत मात्र जुनीच, १९११ चा सर कावसजी जहांगीर हॉल. गेटवे ऑफ इंडिया बांधणाऱ्या जॉर्ज विटेटनेच तो आखला होता, सभा आणि मैफलींसाठी. वास्तुरचनाकार रोमी खोसला यांनी तो आतून नव्याने रचला. अर्धवर्तुळाकार मजले एकावर एक, मधून जिना, सगळ्यात वर घुमट.

बघायला ती जागा सुंदर आहे. चित्र लावणाऱ्याला विचारा. चौकट सपाट असते आणि भिंत वळते. भिंत आत वळत असेल तर फ्रेमच्या दोन कडा टेकतात आणि मध्ये पोकळी राहते, बाहेर वळत असेल तर मध्य टेकतो आणि कडा हवेत. लहान चित्राला फरक पडत नाही, सहा फुटी कॅनव्हासला पडतो. मग मागे लाकडी ठोकळे द्या, नाहीतर सपाट पार्टिशन उभं करा. अशा इमारतीला तिची भिंत ओळखणारी माणसं कायमची लागतात. कोणत्या मजल्यावर ड्रिल आत जातं आणि कुठे प्लास्टर भुगा होऊन पडतं, पावसाळ्यात कोणता कोपरा ओल धरतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला दर प्रदर्शनाच्या निविदेबरोबर बदलायचं आणि नवा भिडू आणायचा, हा कुठला हिशोब?

आता माझी स्वतःची गोष्ट. नाव घेत नाही, त्या घरचं मीठ खाल्लंय. एका संस्थेत 'तांत्रिक सहायक' अशी एक जागा निघाली. कामात लिहिलं होतं: प्रदर्शनाची मांडणी, चित्रांची हाताळणी, गोदामाची देखरेख. वाचून मला वाटलं, ही जाहिरात कोणीतरी मला समोर बसवून लिहिलीय. पात्रता: कला इतिहासात पदव्युत्तर पदवी, इंग्रजीत लिहिण्याची क्षमता. मी तरी अर्ज केला, सोबत केलेल्या प्रदर्शनांची चार पानी यादी जोडली. उत्तर आलं नाही. पाच महिन्यांनी त्याच संस्थेच्या ठेकेदाराचा फोन आला, "अर्जंट आहे, चार पोरं घेऊन या, परवा उद्घाटन आहे." ज्या मुलीला ती नोकरी मिळाली होती ती भली होती, बडोद्याहून एम.ए. केलेली. चित्राबद्दल तिने मला जे सांगितलं ते मला कधी कळलं नसतं. पण शिडी कुठे ठेवली आहे हे तिला माहीत नव्हतं, आणि चूक तिची नव्हती. संस्थेने एकाच पदात दोन माणसं शोधली होती, आणि दुसऱ्याला रोजंदारीवर बोलावून घेतलं.

माझी तक्रार पदवीविरुद्ध नाही. कला इतिहास शिकलेला माणूस हवाच. पण आपल्या कला महाविद्यालयांतून दरवर्षी पोरं बाहेर पडतात, कोणी ए.टी.डी., कोणी जी.डी. आर्ट. त्यांना रंग कसा सुकतो हे हाताने माहीत असतं. त्यांच्यापुढे रस्ते दोनच, शाळेत ड्रॉइंग टीचर किंवा जाहिरात कंपनी. शाळेतली भरती कधी होते ते शिक्षणखात्यालाच ठाऊक. तिसरा रस्ता संग्रहालयाचा असू शकतो, हे त्यांना कोणी सांगत नाही, कारण तो रस्ता कागदावर नाही. काचेतून येणाऱ्या उजेडाची तीव्रता मोजणं, कागदावरच्या चित्रांवर पन्नास लक्सच्या वर प्रकाश पडू न देणं, बुरशीची पहिली खूण ओळखणं, ही कामं सहा महिन्यांत शिकवता येतात. आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवतात, तिथेच हा एक विषय जोडायला काय हरकत आहे? छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जतन-संवर्धनाचं चांगलं केंद्र आहे, भाऊ दाजी लाड संग्रहालय कला इतिहास आणि क्युरेशनचा अभ्यासक्रम चालवतं. दोन्हीबद्दल मला आदर आहे. पण ते अभ्यासक्रम मेंदूच्या बाजूचे आहेत. हाताच्या बाजूला अजून पाटीच लागलेली नाही.

आणि मग दालनात उभी राहणारी माणसं. त्यांच्यावर मला जास्त बोलायचंय.

डिसेंबर २०२१ मध्ये रशियातल्या येकातेरिनबुर्ग शहरात एका प्रदर्शनात अ‍ॅना लेपोर्स्काया या चित्रकर्तीचं १९३० च्या दशकातलं चित्र लागलं होतं. तीन आकृत्या, चेहरे कोरे. मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीकडून उसनं आणलेलं. खासगी सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या रखवालदाराने दोन चेहऱ्यांवर बॉलपेनने डोळे काढले. तो त्याच्या नोकरीचा पहिलाच दिवस होता. जगभर लोक हसले. मला हसू आलं नाही. त्या माणसाला कोणी सांगितलं होतं का, हे काय आहे आणि चेहरे कोरे का आहेत? जर्मनीत डॉर्टमुंडला २०११ साली मार्टिन किपेनबर्गरच्या एका शिल्पाखालच्या रबरी घमेल्यातला डाग सफाई करणाऱ्या बाईने घासून साफ केला. तो डाग कलाकाराने मुद्दाम रंगवलेला होता. त्या बाईही बाहेरच्या कंपनीतल्या होत्या.

असाच एक प्रकार माझ्यासमोर घडला, मुंबईत, पुन्हा नाव घेत नाही. जलरंगाचं चित्र, वर काच. सकाळी एक पोरगा आला, निळा स्प्रे काचेवर सरळ मारला आणि फडक्याने पुसायला लागला. फडक्यावर मारून मग काच पुसली तर चालतं, पण काचेवर मारलेलं पाणी खाली ओघळतं, फ्रेमच्या खाचेत शिरतं आणि कागद ते पितो. तळाला बोटभर पिवळसर वळ उठला. पोरगा एजन्सीचा, तीन दिवसांपूर्वी एका मॉलमधून इकडे पाठवलेला. मॉलमध्ये तो तेच करत होता आणि बरोबर करत होता. त्याला त्याच दिवशी काढलं. एजन्सीने दुपारी दुसरा पाठवला, त्याच्याही हातात तोच निळा स्प्रे होता.

याच्या उलट एक बाई मला आठवतात. गॅलरी अटेंडंट, एजन्सीच्याच, विदर्भातल्या, वय चाळिशीचं. दिवसभर एकाच दालनात उभ्या. खुर्ची नव्हती, कारण बसलेला रखवालदार दिसला तर पाहुण्यांना बरं वाटत नाही म्हणे. तिसऱ्या आठवड्यात मी सहज डोकावलो तर त्या म्हणाल्या, "दादा, ते कोपऱ्यातलं रोज थोडं फिरतंय. मी पट्टीवर खूण केलीय." खरंच फिरत होतं. शेजारी रस्त्याचं खोदकाम चालू होतं, भिंत थरथरायची आणि एकाच कडीवर टांगलेली फ्रेम केसभर कलायची. मी दुसरी कडी मारली. पाहणाऱ्यांपैकी कोण कोणत्या चित्रापुढे थांबतं, शाळेची मुलं कशाला हसतात, कोणत्या चित्राला लोक हात लावायला जातात, हे त्या बाईंना जेवढं ठाऊक होतं तेवढं कोणत्याही अभिप्रायवहीत नव्हतं. त्यांना कोणी विचारलं नाही. प्रदर्शन संपायच्या आत त्यांची घाटकोपरच्या एका हॉस्पिटलमध्ये बदली झाली.

अमेरिकेत बाल्टिमोरच्या कला संग्रहालयाने २०२२ साली एक प्रदर्शन भरवलं, त्यातली चित्रं आणि शिल्पं निवडली त्या संग्रहालयाच्याच सतरा रखवालदारांनी. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये रॉबर्ट रायमन १९५३ पासून सात वर्षं रखवालदार होता. जॅझ वाजवायला शहरात आला होता, रोज आठ तास चित्रांपुढे उभा राहून चित्रकार झाला, आणि पुढे त्याचीच पांढरी चित्रं त्या भिंतींवर लागली. डॅन फ्लेविन या कलाकारानेही तिथे पहारा केला. आपल्या दालनांत उभ्या असलेल्यांपैकी कोण काय होऊ शकला असता हे कळणार कसं, जर तीन महिन्यांत त्याला हॉस्पिटलच्या गेटवर उभं करायचं असेल?

तिकडे सगळं गोड आहे असंही नाही. त्याच न्यूयॉर्कच्या संग्रहालयातले कर्मचारी २००० साली चार महिन्यांहून जास्त काळ संपावर होते. त्यात क्युरेटर होते, ग्रंथपाल होते, दुकानातले विक्रेते होते. लालबागच्या माणसाला हे वाचून गंमत वाटते. क्युरेटर आणि दुकानदार एका युनियनमध्ये, एकाच फुटपाथवर फलक धरून! आमच्याकडे क्युरेटर आणि मी एका लिफ्टमधून जात नाही, मला मालाची लिफ्ट.

यावर कारभारी लोकांचं उत्तर मला माहीत आहे. ते म्हणतात, प्रदर्शन दोन महिने चालतं, मध्ये दालन रिकामं असतं, कायमची माणसं ठेवून त्यांना बसवून पगार द्यायचा का? या प्रश्नात तथ्य आहे, म्हणून तो मी टाळत नाही. फक्त त्यांनी एकदा गोदामात यावं. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या संग्रहात सतरा हजारांच्या आसपास कलाकृती आहेत. भिंतीवर त्यातल्या किती दिसणार? उरलेल्या अंधारात असतात, आणि त्यातल्या ज्या मुंबईच्या हवेत आहेत त्यांना जून ते सप्टेंबर कोणीतरी रोज बघावं लागतं. दालन रिकामं असतं तेव्हाच तर गोदामाचं काम असतं. चित्रं उलटून मागची बाजू बघणं, क्रमांक ताडणं, कॅनव्हासची ढिली पाचर ठोकून ताणणं, वाळवी बघणं. पगार बसून मिळेल अशी जागा संग्रहालयात फक्त एकच असते, ती मोठ्या केबिनमध्ये, आणि तीही बरेचदा रिकामी किंवा अतिरिक्त कार्यभारावर चालते. संस्कृती मंत्रालयाच्या संस्थांतल्या रिकाम्या पदांवर संसदीय समित्यांनी वेळोवेळी बोट ठेवलंय.

फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईच्या त्याच घुमटाखाली प्रभाकर बरवे यांच्या चित्रांचं प्रदर्शन उघडलं, तेव्हा अमोल पालेकर स्थानिक कलावंतांच्या सल्लागार समित्या बरखास्त केल्याबद्दल बोलत होते आणि त्यांना मध्येच थांबवण्यात आलं. पेपरांनी त्यावर भरभरून लिहिलं, लिहायलाच हवं होतं. संग्रहालयात काय लागावं हे कोणी ठरवायचं, हा मोठा प्रश्न आहे. पण जे ठरेल ते भिंतीवर कोण लावणार आणि उतरवल्यावर कोण सांभाळणार, यावर त्या आठवड्यात किंवा नंतर एक ओळ माझ्या वाचनात आली नाही. समिती स्थानिक हवी, तशी शिडीवरची माणसंही स्थानिक आणि कायमची हवीत, असं मला वाटतं, आणि हे बोलायला मला कोणी व्यासपीठावर बोलावणार नाही म्हणून इथे लिहितोय.

भाच्याला मी शेवटी सांगितलं की या यादीतला मी प्रेपरेटर. तो म्हणाला, मग मराठीत काय? आम्ही बराच वेळ डोकं खाजवलं. 'मांडणीकार' मला बरा वाटला. 'चित्रमांडणीकार' म्हटलं तर भारदस्त होतं, पण शिल्पं राहून जातात. मग त्याच्याच ड्रॉइंगच्या वहीत मी एक जाहिरात लिहायला घेतली, आपल्याकडच्या कोणत्याही संग्रहालयाने जशीच्या तशी मराठी पेपरात छापावी अशी. पद: मांडणीकार, कायम. काम: चित्रं आणि शिल्पं हाताळणे, लावणे, उतरवणे, गोदाम सांभाळणे. शिक्षण: कला पदविका किंवा दहा वर्षांचा अनुभव. 'किंवा' खाली मी दोनदा रेघ मारली. चाचणी तोंडी नाही. एक वाकडी भिंत, एक चित्र, एक पाणसळ आणि अर्धा तास. पगाराच्या जागी 'नियमानुसार' असं लिहीत होतो, तर भाच्याने पेन काढून घेतलं. "आकडा लिहा, मामा." मी आकडा लिहिला. तो इथे छापत नाही, संपादक हसतील.

एक रकाना राहिला होता. "वयोमर्यादा किती टाकू?" त्याने विचारलं.

मला मार्चमध्ये एकोणपन्नास पूर्ण झाली.

"पन्नास टाक," मी म्हटलं.